लघवीतील गुंगीची औषधे: रंगचाचणी कशी करावी आणि तिच्यावर किती विसंबावे

‘युरिनमध्ये झोपेच्या गोळ्या आहेत का, तेवढं बघून सांगा,’ असा फोन कॅज्युअल्टीतून लॅबला येतो. अडचण अशी की ‘झोपेच्या गोळ्या’ नावाचे कोणतेही एक रसायन नाही. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, फिनोबार्बिटोन, प्रोमेथाझिन, क्लोरल हायड्रेट हे सगळे माणसाला झोपवतात. यातले पहिले दोन बेन्झोडायझेपिन या एकाच गटातले, बाकीचे मात्र रसायन म्हणून एकमेकांचे कोणी लागत नाहीत. रंगचाचणी औषधाचा परिणाम ओळखत नाही, रेणूचा एखादा तुकडा ओळखते. त्यामुळे नळी हातात घेण्याआधी संशय कशाचा आहे ते ठरवावे लागते.

हा लेख जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतल्या लॅब टेक्निशियनसाठी, इंटर्नसाठी आणि व्यसनमुक्ती केंद्रात लघवी तपासायची तयार पट्टी वापरणाऱ्यांसाठी आहे.

आधी डोसचे गणित

अचूकतेबद्दल बोलताना लोक थेट टक्क्यांवर येतात. मी आधी डोसवर येतो, कारण बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळते.

क्लोनाझेपामची एक गोळी 0.5 मिग्रॅची असते. ती सगळीच्या सगळी एका दिवसात लघवीत उतरली आणि दिवसभरात दीड लिटर लघवी झाली असे धरू. तरी दर मिलीला साधारण 330 नॅनोग्रॅम, म्हणजे लिटरला 0.33 मिग्रॅ भरते. प्रत्यक्षात औषध कित्येक दिवस हळूहळू आणि रूप बदलून बाहेर पडते, म्हणून आकडा याहून बराच कमी येतो. अल्प्राझोलाम 0.25 मिग्रॅ घेतली असेल तर त्याच्याही निम्मे.

आता क्लोरल हायड्रेट बघा. त्याचा डोस अर्ध्या ते एका ग्रॅमचा. हेच ढोबळ गणित केले तर एका ग्रॅममागे लिटरला 650 मिग्रॅच्या वर जाते. फिनोबार्बिटोनची 60 मिग्रॅची गोळी या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसते.

नळीतल्या जुन्या रंगचाचण्या लिटरला 1 ते 25 मिग्रॅ या पट्ट्यात काम करतात. औषधे ग्रॅमच्या मापाने दिली जात तेव्हाच्या त्या चाचण्या आहेत. क्लोरल हायड्रेट त्यांना अंधारातही सापडेल. क्लोनाझेपाम त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच येत नाही, मग रीएजंट (चाचणीत घालायचे रसायन) कितीही ताजे असो. आजच्या गोळ्यांसाठी नळीतला रंग निगेटिव्ह आला तर त्याला जवळजवळ काहीच किंमत नाही. इम्युनोअॅसेची (प्रतिपिंडांच्या मदतीने औषध ओळखणारी) पट्टी दर मिलीला 200 ते 300 नॅनोग्रॅमवर काम करते, म्हणून त्या बाबतीत निदान मैदानात तरी असते. तिच्याही अडचणी आहेत, त्या पुढे येतील.

पायरी 1: नमुना कोणता, कधीचा

शक्य असेल तर 50 मिली लघवी घ्या. कॅथेटरमधून घेतली असेल तर तसे लिहा, कारण कॅथेटर घालताना लावलेल्या जेलीतले लिग्नोकेन पुढच्या तपासणीत दिसू शकते. नमुना दोन बाटल्यांत विभागा. एक तुमच्या चाचणीसाठी आणि दुसरी न उघडता फ्रिजमध्ये. क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही औषधे जंतू वाढलेल्या नमुन्यात टिकत नाहीत. त्यामुळे उशीर होणार असेल तर दुसऱ्या बाटलीत सोडियम फ्लोराइड असावे.

सगळ्यात जास्त गोंधळ घड्याळामुळे होतो. रुग्णाला झटके येत होते म्हणून कॅज्युअल्टीत लोराझेपाम किंवा मिडाझोलाम दिले, अर्ध्या तासाने लघवी घेतली आणि बेन्झोडायझेपिनची पट्टी पॉझिटिव्ह आली. पट्टीचे काही चुकले नाही, तिला तुमचेच इंजेक्शन सापडले असू शकते. म्हणून फॉर्मवर दोन वेळा हव्यात: नमुना घेतल्याची वेळ आणि दवाखान्यात पहिले शामक दिल्याची वेळ. दुसरी रकामी असेल तर वॉर्डला फोन करा. पाच मिनिटे जातात, पण रिपोर्टचा अर्थ त्या एका वेळेवर ठरतो.

एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणारी) केस असेल, म्हणजे रेल्वेत बिस्किटातून गुंगीचे औषध दिल्याचा किंवा अत्याचाराचा संशय असेल, तर दुसरी बाटली सील करून, सही-शिक्क्यानिशी पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते. मुंबईत ती कलिन्याला आहे, शिवाय नागपूर, पुणे, नाशिक अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. ‘आता तीन दिवस झाले, काय मिळणार’ म्हणून नमुना घ्यायचे टाळू नका. अशा गुन्ह्यांत घटनेनंतर 120 तासांपर्यंत लघवी घ्यावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाचे मार्गदर्शन सांगते. तुमच्या पट्टीला तीन दिवसांनी कदाचित काही दिसणार नाही, त्या प्रयोगशाळेतल्या उपकरणांना दिसू शकते.

पायरी 2: रीएजंट घालण्याआधी लघवीकडे बघा

हे वाचायला बाळबोध वाटेल, पण रंगचाचणीत नमुन्याचा स्वतःचा रंग हा पहिला शत्रू आहे. टीबीची औषधे चालू असलेल्या माणसाची लघवी रिफाम्पिसिनमुळे नारिंगी-तांबूस असते. बी-कॉम्प्लेक्स घेणाऱ्याची गडद पिवळी. काविळीत हळदीसारखी, रक्त असेल तर लालसर. यातल्या कोणत्याही नमुन्यावर ‘नारिंगी ते लाल रंग आला तर पॉझिटिव्ह’ असली चाचणी केली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

उपाय सोपा आहे. प्रत्येक वेळी एक जादा नळी लावा, तिच्यात रुग्णाची लघवी आणि रीएजंटऐवजी तेवढेच पाणी. रंग वाचताना तुलना या नळीशी करायची. पाठीमागे पांढरा कागद धरा आणि शक्यतो खिडकीच्या उजेडात बघा. पिवळट दिव्याखाली जांभळा रंग तपकिरी भासतो. आणि एक गोष्ट आपल्याकडे कोणी विचारत नाही: रंग वाचणाऱ्याला लाल-हिरव्याचे रंगांधळेपण आहे का? पुरुषांत ते काही दुर्मीळ नाही. इशिहाराचे तक्ते नेत्र विभागात असतात, एकदा तपासून घ्या.

पायरी 3: फुजिवारा चाचणी, नीट करून

एकच नळीतली चाचणी शिकायची असेल तर ही शिका. महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र या पट्ट्यात भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट घातलेले पुन्हा पुन्हा सापडते. ताडी पिऊन बेशुद्ध झालेला माणूस, श्वासाला गोडसर फळासारखा वास, नाडी अनियमित, अशा वेळी ही चाचणी खरोखर उपयोगी पडते. इथे बरोबर उत्तराने उपचारही बदलतात. क्लोरल हायड्रेट हृदयाला अॅड्रिनालिनच्या बाबतीत अतिसंवेदनशील करते. त्यामुळे रक्तदाब वाढवायला सवयीने अॅड्रिनालिनसारखे औषध दिले तर हृदयाची लय आणखी बिघडू शकते.

तीन नळ्या घ्या. पहिलीत 1 मिली रुग्णाची लघवी, दुसरीत 1 मिली डिस्टिल्ड वॉटर, तिसरीत लिटरला 10 मिग्रॅ ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड असलेले द्रावण 1 मिली. प्रत्येकीत लिटरला 200 ग्रॅम तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड 1 मिली आणि पिरिडिन 1 मिली घाला. जपून हलवा आणि उकळत्या वॉटर बाथमध्ये 2 मिनिटे ठेवा. बूच घट्ट लावू नका. हे सगळे फ्यूम हुडमध्येच करायचे, डोळ्यांवर चष्मा घालून. पिरिडिनचा वास नाकात दिवसभर राहतो आणि गरम अल्कली डोळ्यात उडाली तर डोळा जायची भीती.

नळ्या बाहेर काढल्या की दोन थर दिसतील. वरचा पिरिडिनचा, तोच वाचायचा. तिसऱ्या नळीत तो लाल-जांभळा झालेला असला पाहिजे आणि दुसरीत जसाच्या तसा. पहिलीतला रंग तिसरीसारखा असेल तर ट्रायक्लोरो गटाचे संयुग आहे. लिटरला 1 मिग्रॅपर्यंतचे ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड यात दिसते, म्हणजे क्लोरल हायड्रेटच्या बाबतीत हात राखायला भरपूर जागा आहे. शरीर क्लोरल हायड्रेटचे ट्रायक्लोरोइथेनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड करते. दुसरे फार सावकाश बाहेर पडते, म्हणून कित्येक दिवसांनीही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याचा व्यत्यासही ध्यानात ठेवा. रंग आला म्हणजे आजच्या बेशुद्धीला तेच कारण असे नाही, परवाची ताडीही असू शकते.

दुसऱ्या नळीलाही रंग आला तर? सगळी बॅच फेकून द्या. बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावर क्लोरोफॉर्मची बाटली उघडी असते आणि पिरिडिनने तिची वाफ ओढून घेतलेली असते. ही चाचणी क्लोरोफॉर्मलाही रंग देते. ड्रायक्लीनिंग किंवा धातूची साफसफाई करणाऱ्या कामगारात ट्रायक्लोरोइथिलीनमुळेही ती पॉझिटिव्ह येते. म्हणून रुग्ण काय काम करतो हे विचारा.

जाता जाता एक गंमत: क्लोरल हायड्रेट घेतलेल्याची लघवी बेनेडिक्टच्या चाचणीतही साखर असल्यासारखा रंग देऊ शकते. बेशुद्ध माणूस आणि लघवीत ‘साखर’ म्हणून कोणी मधुमेहाच्या मागे लागण्याआधी ग्लुकोमीटरने रक्तातली साखर बघा.

बाकीच्या नळीतल्या चाचण्या, थोडक्यात

एफपीएन (फेरिक क्लोराइड, पर्क्लोरिक आणि नायट्रिक अॅसिड यांचे रीएजंट वापरणारी) चाचणी फिनोथायाझिन गटासाठी आहे, म्हणजे क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन वगैरे. 1 मिली लघवीत 1 मिली रीएजंट घालून लगेच बघायचे. गुलाबी, लाल, नारिंगी, जांभळा किंवा निळा रंग आला तर संशय. पण लिटरला साधारण 25 मिग्रॅ क्लोरप्रोमाझिन असल्याशिवाय ती बोलत नाही आणि यकृताच्या आजारात खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रंगांची यादी एवढी लांब असली की वाचणाऱ्याची इच्छाही त्यात मिसळते, त्यामुळे मी तिला दुय्यम पुरावा मानतो.

बार्बिट्युरेटसाठी कोबाल्टची डिल-कोपानी चाचणी आहे. जांभळा रंग सुंदर येतो, पण थेट लघवीवर नाही. आधी सॉल्व्हंटने औषध काढून घ्यावे लागते. शिवाय फेनिटोइनसारखी औषधेही तसाच रंग देतात. आपल्याकडे फिनोबार्बिटोन घेणारे बहुतेक लोक मिरगीचे रुग्ण असतात आणि त्यातले काही जण फेनिटोइनही घेत असतात, तेव्हा हा घोळ कागदावरचा नाही.

बेन्झोडायझेपिनसाठी लघवीवर थेट चालणारी साधी रंगचाचणी नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये उकळून, मग डायझो अभिक्रियेने गुलाबी-जांभळा रंग आणायची जुनी पद्धत आहे. मात्र डायझेपामचा उकळून निघणारा तुकडाच त्या अभिक्रियेला दाद देत नाही (त्याचे ऑक्झाझेपाम झालेले असेल तर देतो) आणि अल्प्राझोलाम, मिडाझोलाम यांची घडणच वेगळी असल्याने ते या वाटेला नीट येत नाहीत. जिल्हा पातळीवर हिच्या नादी लागू नये.

सोबत पॅरासिटामॉलची चाचणी मात्र जरूर करा. जीव द्यायला गोळ्या खाणारा घरात असेल ते सगळे खातो. झोपेची गोळी बहुधा मारत नाही, पॅरासिटामॉल तीन दिवसांनी यकृत खाते. 0.5 मिली लघवी, तेवढेच तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिड, 10 मिनिटे उकळत्या पाण्यात, मग थंड करून ऑर्थो-क्रेसॉलचे द्रावण 1 मिली आणि अमोनियाचे 2 मिली. गडद निळा रंग आला तर पॅरासिटामॉल आहे. ही चाचणी इतकी संवेदनशील आहे की तापासाठी घेतलेली एक गोळीही दिसते. म्हणून इथे निगेटिव्हला मोल आहे, पॉझिटिव्ह आले की रक्तातली पातळी बघायची.

पायरी 4: पट्टी वाचणे

पट्टीवरचा रंग उलट चालतो. रेघ दिसली तर निगेटिव्ह, रेघ गायब झाली तर पॉझिटिव्ह. गर्भचाचणीच्या सवयीने ‘रेघ आली, म्हणजे आहे’ असे वाचणारे लोक नवे नाहीत. टेस्टच्या जागी फिकट, अगदी डोळे बारीक करून दिसणारी रेघ असेल तरी ती निगेटिव्हच. ‘वीक पॉझिटिव्ह’ हा शब्द या पट्टीच्या रिपोर्टमध्ये असूच शकत नाही. कंट्रोलची रेघ आली नाही तर पट्टी बाद. किटच्या माहितीपत्रकात दिलेल्या वेळीच, बहुतेक किटमध्ये 5 मिनिटांनी, वाचा. चहा पिऊन आल्यावर वाचलेला निकाल ग्राह्य नाही.

पट्टीची खरी मेख माहितीपत्रकाच्या मागच्या पानावरच्या तक्त्यात असते. बेन्झोडायझेपिनच्या बहुतेक पट्ट्या ऑक्झाझेपामभोवती बेतलेल्या आहेत. डायझेपामचे शरीरात शेवटी ऑक्झाझेपाम होते, म्हणून तो चांगला सापडतो. क्लोनाझेपाम लघवीत 7-अमिनोक्लोनाझेपाम होऊन येतो आणि पुष्कळ पट्ट्या त्याला ओळखत नाहीत. लोराझेपाम ग्लुकुरोनाइडला बांधून येतो, तोही निसटतो. म्हणजे आपल्याकडे घरोघरी चिठ्ठीवर लिहिला जाणारा क्लोनाझेपाम आणि गुन्ह्यांत वापरला जाणारा लोराझेपाम, नेमके हेच दोन पट्टीचे आंधळे कोपरे. झोल्पिडेम तर या गटातच नाही, त्यासाठी बेन्झोची पट्टी वापरणे म्हणजे नुसता खर्च. किट मागवताना दराच्या आधी तो तक्ता मागा. क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम किती नॅनोग्रॅमला पकडते ते त्यात लिहिलेले नसेल तर दुसरा पुरवठादार बघा.

उलट बाजूने, नैराश्यावरचे सरट्रालिन आणि एचआयव्हीवरचे एफाविरेन्झ घेणाऱ्यांत बेन्झोडायझेपिनची खोटी पॉझिटिव्ह नोंदली गेली आहे. बार्बिट्युरेटच्या पट्टीवर प्रिमिडोन घेणारा पॉझिटिव्ह येतो, पण ते खोटे नाही. प्रिमिडोनचे शरीरातच फिनोबार्बिटोन होते.

व्यसनमुक्ती केंद्रात आणखी एक काम: लघवीत पाणी मिसळलेले नाही ना, ते बघणे. क्रिएटिनीन (लघवीत नेहमी असणारा टाकाऊ पदार्थ) 20 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर निगेटिव्ह निकाल देऊ नका, नमुना पुन्हा मागा.

पायरी 5: तुमच्या हातात तिची अचूकता किती

माहितीपत्रकावरचे ‘99% अचूक’ तुमच्या लॅबचे नसते. स्वतः तपासायचे असेल तर औषध न घेणाऱ्या सहकाऱ्यांची लघवी घ्या. काहींत कंट्रोल मटेरिअल (औषधाचे प्रमाण माहीत असलेले द्रावण) घालून कटऑफच्या (ज्या पातळीपासून पट्टी पॉझिटिव्ह धरतात तिच्या) निम्मे आणि कटऑफच्या दीडपट असे नमुने बनवा. बाटल्यांवर फक्त क्रमांक टाका. दोन जणांनी एकमेकांना न सांगता वाचावे. दोघांत कुठे फरक पडतो ते बघितले की चाचणीपेक्षा वाचणाऱ्याबद्दल जास्त कळते.

आकड्यांनी हुरळून जाऊ नका. 20 पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी 20 बरोबर ओळखले तरी 95% खात्रीने एवढेच म्हणता येते की खरी संवेदनशीलता, म्हणजे औषध असलेले नमुने पकडण्याचे प्रमाण, 83 टक्क्यांच्या वर आहे. ‘शंभर टक्के’ लिहायला 20 नमुने पुरत नाहीत.

दुसरे गणित संख्याबळाचे. समजा एखादी पट्टी 90% संवेदनशील आणि 95% विशिष्ट आहे, म्हणजे औषध न घेतलेल्या 95% जणांना ती बरोबर निगेटिव्ह दाखवते. व्यसनमुक्ती केंद्रात 1000 नमुन्यांपैकी 500 जणांनी खरोखर औषध घेतले असेल, तर 450 खरे पॉझिटिव्ह आणि 25 खोटे मिळतील. पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक पॉझिटिव्हच. आता तीच पट्टी नोकरीपूर्व तपासणीला लावा, तिथे 1000 पैकी 20 जणच घेणारे आहेत. खरे पॉझिटिव्ह 18, खोटे 49. चारपैकी जवळजवळ तीन जणांवर नाहक ठपका. पट्टी तीच, लॅब तीच. म्हणून नोकरी, ताबा, जामीन अशा कोणत्याही निर्णयासाठी जीसी-एमएस किंवा एलसी-एमएसने (रेणू वेगळे करून नेमका ओळखणाऱ्या उपकरणांनी) खात्री केल्याशिवाय पट्टीचा निकाल वापरू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पायरी 6: रिपोर्टची भाषा

‘झोपेच्या गोळ्या: निगेटिव्ह’ असे कधीही लिहू नका. चाचणीचे नाव, गट आणि कटऑफ लिहा. उदाहरणार्थ: ‘बेन्झोडायझेपिन गट, पट्टी चाचणी, कटऑफ 300 नॅनोग्रॅम प्रति मिली: आढळले नाही. या चाचणीत क्लोनाझेपाम व लोराझेपाम निसटू शकतात. झोल्पिडेम तपासले जात नाही.’ पॉझिटिव्ह असेल तर: ‘प्राथमिक चाचणीत आढळले. खात्रीच्या तपासणीसाठी नमुना राखून ठेवला आहे.’ दवाखान्यात आधी शामक दिले असेल तर त्याची वेळ त्याच ओळीत.

फोनवर निकाल देतानाही तेच सांगा आणि डॉक्टरांनी रंगाच्या भरवशावर डोक्याचा सीटी स्कॅन किंवा साखर बघणे थांबवलेले नाही ना, ते विचारायला लाजू नका. बेन्झोची पट्टी पॉझिटिव्ह असलेला माणूस जिन्यावरून पडलेलाही असू शकतो.

राहिले रीएजंट. पिरिडिन पिवळे पडले असेल तर टाकून द्या. ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिडच्या कंट्रोलवर बनवल्याची तारीख हवी. वापरलेले पिरिडिन सिंकमध्ये ओतायचे नाही, सॉल्व्हंटच्या वेगळ्या बाटलीत जमा करायचे. आणि क्लोरोफॉर्मची बाटली त्या खोलीतून आजच हलवा.